दौंडला ऐकू आली विलायत

दौंडचे नाव काढले की डोळ्यांपुढे रेल्वेचे जंक्शन उभे राहते. मनमाडकडचा फाटा इथूनच फुटतो आणि सोलापूरकडच्या गाड्याही इथूनच पुढे जातात. शिरूर-श्रीगोंद्याकडची माणसे गाडी धरायला बोचकी घेऊन इथेच येतात. पण याच दौंडला एके काळी थेट विलायतेहून बिनतारी संदेश उतरत असत, ही गोष्ट आपल्या भागातही फार थोड्यांना ठाऊक आहे.

साल १९२७. भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये बिनतारी तारायंत्राची सोय करण्यात आली. त्यासाठी आपल्या पुणे जिल्ह्यातल्या दोन जागा निवडल्या होत्या. संदेश पाठविण्याचे केंद्र होते पुण्याजवळ खडकीला आणि संदेश ऐकण्याचे केंद्र होते दौंडला. इंग्रजी कागदपत्रांत या गावाचे नाव ‘धोंड’ असे लिहिलेले सापडते. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी इंग्लंडच्या राजाशी शुभेच्छांची देवाणघेवाण करून या सेवेचे उद्घाटन केले. विलायतेतही अशीच विभागणी होती. तिकडचे पाठविण्याचे केंद्र ग्रिम्सबीजवळ आणि ऐकण्याचे केंद्र स्केग्नेसजवळ होते. पुढे १९३३ मध्ये दोन्ही देशांत रेडिओ टेलिफोनही सुरू झाला.

वाचक विचारतील, की पाठवायचे एका गावाला आणि ऐकायचे पाऊणशे किलोमीटरवर दुसऱ्या गावाला, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? कारण अगदी साधे आहे. यात्रेत पाळण्याशेजारी कर्णा ओरडत असला, तर दूरच्या माणसाची हाक आपल्याला ऐकू येत नाही. सात हजार किलोमीटरवरून येणारी बिनतारी लहर दौंडला पोहोचेपर्यंत इतकी क्षीण झालेली असते, की जवळच मोठे प्रक्षेपक यंत्र चालू असेल तर ती बुडूनच जावी. म्हणून ऐकणाऱ्याला शांत जागा हवी. त्या शांत जागी उतरलेली ती क्षीण लहर हजारो पट मोठी करण्याचे काम करीत होते व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर.

आज या व्हॉल्व्हची ओळख करून घ्यायची आहे. आपल्या गावातला जुना ध्वनिवर्धक, माळ्यावर धूळ खात पडलेला आजोबांचा रेडिओ आणि हौशी रेडिओवाल्यांची यंत्रे, ही सगळी याच कुळातली आहेत.

व्हॉल्व्ह म्हणजे पाटाचे दार

व्हॉल्व्ह या इंग्रजी शब्दाचा अर्थच मुळी झडप किंवा दार. आपण उसाला किंवा कांद्याला पाणी देताना दारे धरतो. पाटात पाणी आपल्या जोराने वाहत असते. दारे धरणारा माणूस खोऱ्याने चार ओंजळी माती इकडची तिकडे करतो आणि तेवढ्यावर सगळा प्रवाह वाढतो किंवा थांबतो. पाण्याचा जोर काही त्या माणसाच्या अंगातला नव्हे. तो धरणातून आलेला असतो.

काचेच्या त्या नळीत हेच घडते. आतली हवा काढून टाकलेली असते. मधोमध तापणारी तार आणि तिच्याभोवती कॅथोड असतो. तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. बाहेरच्या बाजूला प्लेट असते. तिला दोनशे-तीनशे व्होल्टचा धन दाब दिलेला असतो, म्हणून इलेक्ट्रॉन तिकडे धावतात. दोघांच्या मध्ये बारीक तारेची जाळी असते. तिला ग्रिड म्हणतात. हा ग्रिड म्हणजे आपला दारे धरणारा गडी. त्याच्यावर आलेला लहानसा विजेचा हेलकावा प्लेटकडचा मोठा प्रवाह कमीजास्त करतो. फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये ग्रिड नसलेली नळी केली होती, आणि १९०६ मध्ये अमेरिकेच्या ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात ही जाळी बसवली.

एका टप्प्यात आवाज वीस पट झाला असे धरा. तोच पुढच्या टप्प्याला दिला की चारशे पट आणि तिसऱ्याला दिला की आठ हजार पट. दौंडला विलायत ऐकू आली ती अशी टप्प्याटप्प्याने.

काल्याच्या आदल्या रात्रीची गोष्ट

मला या गोष्टीचा नाद लागला तो १९७४ साली. बहात्तरचा दुष्काळ सरून आमच्या शिरूर तालुक्यात जरा बरे दिवस आले होते. गावात वीज आलेली होती. सप्ताहासाठी वर्गणी काढून गावाने एक व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर आणि दोन कर्णे घेतले होते. त्यात आवाज बाहेर काढणारे दोन ६व्ही६ व्हॉल्व्ह होते.

काल्याच्या आदल्या रात्री कीर्तन चालू असताना आवाज फाटू लागला. डब्यात डोकावून पाहिले तर एका व्हॉल्व्हची प्लेट तव्यासारखी लाल झालेली. त्याआधी दोनदा असेच झाले होते. दोन्ही वेळा शहरातल्या एका दुकानदाराने नवा व्हॉल्व्ह घालून दिला होता आणि दोन्ही वेळा तो महिनाभरात गेला होता. वर्गणीचे पैसे असे फुकट जात होते. पंच मंडळी म्हणाली, “उद्या सकाळच्या गाडीने कुणीतरी पुण्याला जा आणि व्हॉल्व्ह आणा.”

आमच्या आळीत सैन्याच्या सिग्नल दलातून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. आम्ही पोरे त्यांना काका म्हणत असू. ते म्हणाले, “व्हॉल्व्ह आणू नका. व्हॉल्व्हाला मारतंय कोण ते आधी बघू.”

त्यांनी मीटर लावला. ६व्ही६ च्या ग्रिडवर धन व्होल्टेज असता कामा नये. तिथे काटा वीस व्होल्ट दाखवीत होता. मग त्यांनी तो व्हॉल्व्ह उपसून काढला आणि पुन्हा मोजले. काटा तिथेच.

“बघ पोरा,” ते मला म्हणाले, “व्हॉल्व्ह काढल्यावर हे व्होल्टेज गेलं असतं, तर व्हॉल्व्ह नासलाय म्हटलं असतं. इथं तर व्हॉल्व्ह नाही, तरी व्होल्टेज आहे. म्हणजे आधीच्या टप्प्याकडून येणारा कंडेन्सर गळतोय.”

मागच्या टप्प्याचा आवाज पुढे जाऊ द्यायचा आणि त्याचे मोठे व्होल्टेज मात्र अडवून धरायचे, हे त्या लहानशा कागदी कंडेन्सरचे काम. तो गळू लागला की ग्रिडवरचा लगाम सुटतो, प्लेटकडे भलताच प्रवाह धावतो आणि व्हॉल्व्ह जळून जातो. काकांनी एका मोडक्या रेडिओतून तेवढ्याच मापाचा कंडेन्सर काढला आणि डाख देऊन बसवला. प्लेटची लाली गेली. दुसऱ्या दिवशी काल्याचे कीर्तन त्याच व्हॉल्व्हवर पार पडले आणि तो व्हॉल्व्ह पुढे कित्येक वर्षे चालला.

त्याच रात्री मला दुसराही धडा मिळाला. काम संपल्यावर काकांनी प्लग काढून ठेवला होता. आता काय, वीज नाहीच, असे समजून मी डब्यात पडलेला स्क्रू काढायला हात घातला. फिल्टरच्या कंडेन्सरला बोट लागले आणि मी मागच्या मागे भिंतीवर आदळलो. मनगटापासून खांद्यापर्यंत हात बधिर झाला. काकांनी मला आधी पाणी पाजले आणि मग म्हणाले, “बंद केलं म्हणजे मेलं असं समजायचं नाही. साप मेला तरी काठीनं हलवून बघतो ना आपण?”

बांधणी कशी करतात

व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर बांधायला फार सामान लागत नाही, पण नीटनेटकेपणा लागतो. पत्र्याची चासी, ट्रान्सफॉर्मर, वीज एकदिश करणारा रेक्टिफायर, ती सपाट करणारे फिल्टर कंडेन्सर, व्हॉल्व्हचे बेस, काही रेझिस्टन्स, काही कंडेन्सर आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर. एका ६व्ही६ चा साधा अॅम्प्लिफायर घेतला तर प्लेटला अडीचशे व्होल्ट दिल्यावर त्यातून साडेचार वॉटपर्यंत आवाज मिळतो. त्याच्या कॅथोडला सुमारे अडीचशे ओहमचा रेझिस्टन्स लावतात. सगळे ठीक असेल तर त्या रेझिस्टन्सवर साडेबारा व्होल्टच्या आसपास मिळतात. साडेबाराला अडीचशेने भागले की पन्नास मिलिअँपिअर, म्हणजे व्हॉल्व्हमधून जाणारा प्रवाह. एवढ्या एका मोजणीवरून व्हॉल्व्हची नाडी कळते.

बांधताना ध्यानात ठेवायच्या गोष्टी अशा. ट्रान्सफॉर्मर एका टोकाला आणि माइकची तार दुसऱ्या टोकाला ठेवावी. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या तारा एकमेकींजवळून नेऊ नयेत. नेल्या तर बाहेरचा आवाज पुन्हा आत शिरतो आणि यंत्र शिट्टी मारू लागते. खडकी आणि दौंड वेगळे का ठेवले होते, त्याचेच हे लहान रूप आहे. व्हॉल्व्हच्या तारेला वीज नेणाऱ्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन चासीच्या कडेने न्याव्यात, म्हणजे गुणगुण कमी होते. डाख देताना आधी जोड घट्ट वळवावा, जोड चांगला तापवावा आणि मगच डाख लावावा. वरून नुसता गोळा बसवलेला जोड चार महिन्यांनी दगा देतो.

हौशी रेडिओवाले याच विद्येने दोन कामे करीत. माइकमधला आवाज मोठा करून प्रक्षेपकाला देणे हे एक. दुसरे म्हणजे आकाशात जाणारी रेडिओ लहरच व्हॉल्व्हने मोठी करणे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या मोडीत ८०७ नावाचा व्हॉल्व्ह पुष्कळ निघाला. त्याच्या डोक्यावर प्लेटची टोपी असते. तो स्वस्त आणि दणकट, म्हणून हौशी मंडळींचा मोठा लाडका ठरला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची पासोड्या विठोबाजवळची तपकीर गल्ली आणि जुना बाजार, ही सामान धुंडाळण्याची ठिकाणे. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह तयार होऊ लागले, त्यामुळे देशी मालही मिळू लागला.

रेडिओ लहरीच्या अॅम्प्लिफायरला एक वेगळी सवय असते. त्याच्या शेवटी कॉइल आणि फिरता कंडेन्सर, म्हणजे गँग असतो. गँग फिरवताना प्लेटच्या मीटरचा काटा एका जागी खाली उतरतो. तिथे जुळणी झाली असे समजावे. जुळणी न होता यंत्र चालू ठेवले तर काही सेकंदांत प्लेट लाल होते. आणि एरियलशिवाय ते कधीही चालवू नये. चाचणीसाठी एरियलच्या जागी जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावीत. घरातल्या विजेशी काही संबंध नसताना तो बल्ब उजळला, की पोरांना जादू वाटे.

बिघाड शोधण्याची रीत

काका म्हणत, “पाणी शेवटच्या वाफ्याला पोचत नसेल तर आधी धरणावर जाऊन उपयोग नाही. वाफ्यापासून पाटानं वर चालत यायचं.” यंत्राचेही तसेच करावे. आधी कर्णा आणि त्याची तार तपासावी, मग शेवटचा व्हॉल्व्ह, मग त्याच्या आधीचा. जिथपर्यंत आवाज निघतो आणि जिथून निघत नाही, त्या दोहोंच्या मधे बिघाड असतो. नेहमीचे बिघाड असे आहेत.

व्हॉल्व्ह पेटतच नाही: फ्यूज पाहावा. एकच व्हॉल्व्ह पेटत नसेल तर त्याची तार तुटली असेल किंवा बेसच्या पिनांना गंज आला असेल. पुष्कळदा पिना घासून पुसल्यानेच काम होते.

फ्यूज उडतो: रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून पाहावे. तरीही उडत असेल तर बहुधा ट्रान्सफॉर्मर गेला. उडत नसेल तर दोष पुढे आहे आणि पहिला संशय फिल्टर कंडेन्सरचा.

सतत घूं असा आवाज येतो: आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास फेऱ्यांची. दोन्ही बाजूंनी एकदिश केलेल्या विजेची गुणगुण शंभर फेऱ्यांची, म्हणजे वरच्या पट्टीतली असते. ती आली तर फिल्टर कंडेन्सर वाळला असे समजावे. खालच्या पट्टीतली पन्नासची असेल तर अर्थिंग किंवा व्हॉल्व्हच्या तारेच्या वायरी पाहाव्यात.

प्लेट लाल होते: ग्रिडवरचे व्होल्टेज मोजावे. वरच्या गोष्टीत आला तोच इलाज.

आवाज मधूनच जातो: वाळक्या लाकडी काडीने एकेक जोड आणि व्हॉल्व्ह हलकेच ठोकावा. जिथे खरखर होते तिथे कच्चा जोड.

आवाज नाही आणि आतली दुसरी जाळी लाल दिसते: प्लेटला व्होल्टेज पोहोचत नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची तार तुटली असण्याचा संभव आहे. कर्ण्याची वायर सुटलेली असताना मोठ्या आवाजात यंत्र चालवले की हा ट्रान्सफॉर्मर जळतो. लग्नाच्या मांडवात पोरे वायरीत पाय अडकवतात, तेव्हा हे लक्षात ठेवावे.

आधी जिवाची काळजी

आता जे सांगतो ते घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुलांना वाचून दाखवावे. व्हॉल्व्हच्या यंत्रात तीनशेपासून सहाशे व्होल्टपर्यंत आणि हौशी रेडिओच्या मोठ्या यंत्रात हजारांनी व्होल्ट असतात. हा दाब जीव घेण्यास पुरेसा आहे.

फिल्टर कंडेन्सरला कायमचा एक लाख ओहमचा, दोन वॉटचा रेझिस्टन्स जोडून ठेवावा. तीनशे व्होल्टच्या यंत्रात प्लग काढल्यावर तो मिनिटाभरात साठलेली वीज उतरवतो. तरी भरवसा न ठेवता मीटरने मोजावे आणि मगच हात घालावा. चालू यंत्रात मोजताना एक हात खिशात ठेवावा, म्हणजे वीज एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात जात नाही. ओल्या जमिनीवर किंवा अनवाणी उभे राहू नये. पायाखाली कोरडी फळी घ्यावी. चासीला पक्के अर्थिंग हवे. आणि असे काम एकट्याने करू नये. मुख्य बटण कुठे आहे हे ठाऊक असलेला माणूस जवळ असावा.

एरियलची तार विजेच्या तारांच्या खालून, वरून किंवा जवळून कधीही नेऊ नये. वळवाचे ढग दाटले की एरियल यंत्रातून काढून बाहेरच्या बाहेर जमिनीला जोडावी.

आज याचा उपयोग काय

आजच्या हौशी रेडिओवाल्यांची यंत्रे बहुतेक ट्रान्झिस्टरची आणि त्यापुढच्या चिपांची असतात. व्हॉल्व्ह उरले ते मोठ्या ताकदीच्या अॅम्प्लिफायरमध्ये आणि जुन्याची आवड असणाऱ्यांकडे. दौंड-खडकीचा तो लघुलहरींचा काळही सरला. १९७१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात आर्वीला उपग्रहाचे भूकेंद्र सुरू झाले. त्याच तालुक्यात खोडदला आकाशातल्या ताऱ्यांचे क्षीण रेडिओ संदेश ऐकणारी जगप्रसिद्ध दुर्बीण आहे. तिच्या तीस अँटेना आहेत आणि प्रत्येकीचा व्यास पंचेचाळीस मीटर आहे. दूरचे बारीक ऐकण्याचे काम आपला जिल्हा असा शंभर वर्षांपासून करीत आला आहे.

पण हौशी रेडिओचे महत्त्व संपलेले नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीची लाट आली आणि अंदमानचे दळणवळण तुटले. त्या वेळी भारती प्रसाद या हौशी रेडिओचालक भगिनी आपल्या साथीदारांसह पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. त्यांनी आपल्या यंत्रावरून खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचवले. पूर, भूकंप किंवा वादळात मोबाइलचे मनोरे बंद पडतात, तेव्हा एक बॅटरी, एक तार आणि यंत्र जाणणारा एक माणूस एवढ्यावर गावाचा आवाज बाहेर जाऊ शकतो.

मात्र संदेश पाठविण्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. परवाना मिळाला की ‘व्हीयू’ने सुरू होणारे स्वतःचे खूणनाव मिळते. परवान्यावाचून प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे. घरात विजेचा नाद असलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर तिला ओरडून गप्प बसवण्याऐवजी ही वाट दाखवावी.

आणि शेवटी माळ्यावरच्या त्या जुन्या रेडिओविषयी. हौसेने खाली काढाल, पुसाल आणि सरळ प्लग लावाल, तर तसे करू नका. वर्षानुवर्षे पडून राहिलेले कंडेन्सर एकदम दाब आला की फुटतात आणि ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातात. आधी कंडेन्सर आणि वायरी जाणकाराकडून बदलून घ्या. मग साठ वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावून यंत्र चालू करा. एलईडीचा दिवा यासाठी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच भरभरून जळत राहिला तर आत शॉर्ट आहे, ताबडतोब बंद करा.

सुभेदार काका आता नाहीत. गावाचा तो अॅम्प्लिफायर माझ्याकडे आहे. काकांनी बसवलेला कंडेन्सर मी मागेच बदलला, पण ६व्ही६ तोच आहे. दर वर्षी सप्ताहाच्या आधी मी त्याला बल्बच्या सिरीजवर चालू करतो, कॅथोडचे साडेबारा व्होल्ट मोजतो आणि बंद करतो. आणि डब्यात हात घालण्याआधी आजही मीटर लावून पाहतो.